शंभर तासांचं जर्मन

पुढचा मजकूर वाचा.

‘सकाळी लवकर उठून आजी मंडईत गेली. तिथे ता— पालेभाजी आ— होती. ति— मेथीच्या दो— जुड्या घे—— आणि को——— वर मा—— घेतली.’

गाळलेल्या जागा भरायला तुम्हाला पेन्सिलही उचलावी लागली नसेल. डोळ्यांआधी जीभच ‘ताजी’, ‘आली’, ‘तिने’, ‘दोन’ म्हणून मोकळी झाली असेल. आता वर्षभर मराठी शिकलेल्या एखाद्या परदेशी पाहुण्यापुढे हाच कागद ठेवा. ‘दोन’ तो लिहील, ‘कोथिंबीर’ही कदाचित आठवेल. पण ‘घेतल्या’पाशी तो अडेल. जुडी स्त्रीलिंगी, त्या दोन म्हणून अनेकवचन, आणि घेणारी आजी असली तरी क्रियापद मात्र जुड्यांच्या मागे जाणार. एवढे नियम त्या शेवटच्या जोडाक्षरात दडलेले असतात. आपल्याला ते ठाऊकही नसतात, कारण आपण ते कधी शिकलोच नाही. मंडईत आजीचं बोट धरून फिरताना ते कानावर पडत राहिले.

जर्मनीतल्या विद्यापीठात अल्पमुदतीच्या भाषावर्गाला आलेल्या परदेशी विद्यार्थ्याची पहिली सकाळ बहुतेकदा अशाच कागदाने उजाडते. या परीक्षेला ‘सी-टेस्ट’ म्हणतात. ख्रिस्टिने क्लाइन-ब्रेली आणि उलरिश राट्झ या दोघांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती मांडली. पद्धत सोपी आहे. पहिलं वाक्य अखंड ठेवायचं आणि दुसऱ्या वाक्यापासून एक शब्द सोडून पुढच्या शब्दाचा मागचा अर्धा भाग खोडायचा. ‘ऑनसेट’ नावाच्या संगणकीय परीक्षेत असे आठ उतारे असतात, प्रत्येकात वीस जागा, प्रत्येकाला पाच मिनिटं. म्हणजे चाळीस मिनिटांत १६० गुणांचा निकाल. कुणी किती पुस्तकं वाचली, किती शब्द पाठ केले, एवढ्यावर या परीक्षेत भागत नाही. शब्दाचं शेपूट ओळखता येतं का, हेही ती विचारते. जर्मनमध्ये सारा व्याकरणाचा संसार त्या शेपटातच आहे, त्यामुळे प्रश्न रास्त असतो.

निकाल लागला की गट पडतात. आणि मग सुरू होतात ते तीन-चार आठवडे, ज्यांच्याबद्दल जाहिराती फार बोलतात आणि साधा हिशेब फारसा कुणी मांडत नाही. या प्रकरणात तोच मांडू.

रिकाम्या इमारतींचा ऋतू

हे वर्ग मुख्यतः ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये का भरतात, याचं उत्तर जर्मन विद्यापीठांच्या दिनदर्शिकेत आहे. तिथलं वर्ष दोन सत्रांचं. हिवाळी सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबरला सुरू होतं, उन्हाळी सत्र १ एप्रिलला. प्रत्यक्ष व्याख्यानं मात्र साधारण दोन आठवडे उशिरा सुरू होतात आणि सत्र संपायच्या बऱ्याच आधी थांबतात. मधल्या काळाला जर्मन लोक सुट्टी म्हणत नाहीत. त्याचं अधिकृत नाव ‘व्याख्यानमुक्त काळ’ असं आहे, कारण परीक्षा, प्रबंध आणि निबंध याच दिवसांत उरकायचे असतात. पण वर्गखोल्या रिकाम्या असतात आणि वसतिगृहांतही काही खोल्या मोकळ्या होतात. या मोकळ्या जागेत भाषावर्ग वसतात.

त्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार. पहिला उन्हाळी वर्ग. आपापल्या देशात शिकणारे विद्यार्थी तीन-चार आठवड्यांसाठी हायडेलबर्ग, फ्रायबुर्ग, येना अशा गावी येतात, भाषा आणि देशपरिचय असं दोन्ही घेतात आणि परत जातात. जर्मन शैक्षणिक विनिमय सेवा, म्हणजे १९२५ साली स्थापन झालेली ‘डाड’, अशा वर्गांसाठी शिष्यवृत्ती देते. तिची अट अशी की वर्ग किमान अठरा दिवसांचा हवा आणि आठवड्याला किमान पंचवीस तासिका हव्यात. ही शिष्यवृत्ती कोऱ्या पाटीने येणाऱ्यांसाठी नाही. थोडं जर्मन घरून बांधून आणावं लागतं.

दुसरा प्रकार सत्रपूर्व वर्गाचा. इरास्मुस या युरोपीय विद्यार्थी-विनिमय योजनेतून किंवा अन्य करारांतून सहा महिने-वर्षासाठी आलेल्या विद्यार्थ्यांना सप्टेंबर किंवा मार्चमध्ये घाईघाईने बोलतं करायचं, हा त्याचा उद्देश. इथे अगदी ‘नमस्कार’पासूनही सुरुवात होते. शेवटी परीक्षा झाली तर युरोपीय पद्धतीचे क्रेडिट गुणही मिळतात. एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरलेलं असतं, आणि त्यात घरचा अभ्यासही मोजतात.

हिशेब

आता बेरीज करू. आठवड्याला पंचवीस तासिका, चार आठवडे, म्हणजे शंभर. तासिका पंचेचाळीस मिनिटांची. घड्याळाचे झाले पंचाहत्तर तास.

दुसऱ्या बाजूला गरज किती? युरोपीय परिषदेने २००१ साली भाषेच्या सहा पायऱ्या ठरवून दिल्या: ए१, ए२, बी१, बी२, सी१ आणि सी२. जर्मन भाषा शिकवणाऱ्या ग्योथे संस्थेचा अंदाज असा आहे की ए१ पर्यंत पोचायला ८० ते २०० तासिका लागतात, बी१ पर्यंत ३५० ते ६५०, बी२ पर्यंत ६०० ते ८०० आणि सी१ पर्यंत ८०० ते १०००. हे आकडे शून्यापासूनचे आहेत. शंभर तासिकांत नवखा विद्यार्थी पहिली पायरी कशीबशी चढतो. बी१ ला असलेला विद्यार्थी पुढच्या पायरीच्या दिशेने चालू लागतो, पण पोचत नाही. वरच्या पायऱ्या खालच्यांपेक्षा उंच असतात, हे प्रत्येक भाषा शिकणाऱ्याला गुडघ्यांनी कळतं.

जर्मन माध्यमातून पदवी घ्यायची तर दार याहून बरंच वर आहे. ‘डे-एस-हा’ या प्रवेशपरीक्षेत साधारणपणे दुसरी श्रेणी, म्हणजे किमान ६७ टक्के लागतात. किंवा ‘टेस्टडाफ’च्या वाचन, श्रवण, लेखन आणि भाषण या चारही भागांत चौथी पातळी. चार आठवड्यांत कोऱ्या पाटीवरून तिथे कुणी पोचत नाही. जाहिरातीत तसं सुचवलं असेल तर जाहिरात खोटी.

इथे राममनोहर लोहियांची गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. १९३० च्या आसपास ते बर्लिनला डॉक्टरेटसाठी गेले. सांगतात असं की अर्थशास्त्रज्ञ वेर्नर झोम्बार्ट यांच्यापुढे त्यांनी इंग्रजीत बोलायला सुरुवात केली, तेव्हा आपल्याला इंग्रजी येत नाही एवढंच प्राध्यापक म्हणाले. लोहिया म्हणाले, तीन महिन्यांनी येतो. तीन महिन्यांनी ते आले आणि जर्मनमध्ये बोलले. ही आख्यायिका जशीच्या तशी खरी मानली तरी तिच्यातला हिशेब नीट पाहायला हवा. तीन महिने म्हणजे नव्वद दिवस. भोवती इंग्रजीचा आडोसा नसलेलं बर्लिन, आणि दिवसाचे जागेपणीचे सगळे तास. ती बेरीज शंभराची नाही. हजाराच्या पुढे जाते.

म्हणजे अल्पमुदतीच्या वर्गाचं खरं माप वर्गातल्या तासांत मिळत नाही. ते वर्ग सुटल्यावर सुरू होणाऱ्या तासांत शोधावं लागतं.

छोटी गावं कशाला?

ही गोष्ट जर्मनांच्या फार आधी ध्यानात आली होती. ग्योथे संस्था १९५१ साली म्युनिकमध्ये उभी राहिली आणि १९५३ साली तिने परदेशी लोकांसाठी पहिले भाषावर्ग सुरू केले. ते म्युनिकमध्ये नव्हे, तर बाड राइखेनहाल या बव्हेरियातल्या डोंगराच्या कुशीतल्या मिठाच्या आणि औषधी स्नानांच्या गावी. मागणी वाढली तेव्हा पुढची केंद्रंही मुर्नाऊ आणि कोखेल अशा लहान गावांतच निघाली. युद्धाने मोठी शहरं उद्ध्वस्त झाली होती आणि पाहुण्याला देशाचा धडका चेहरा दाखवायचा होता, हे एक कारण. दुसरा फायदा भाषेचा. छोट्या गावात वर्ग सुटला की विद्यार्थ्याला जायला जागा त्याच लोकांतली. पाव घ्यायचा तर त्याच दुकानात, पत्र टाकायचं तर त्याच टपाल कचेरीत, आणि राहायचं गावातल्याच कुटुंबाकडे. शिक्षक बारा वाजता थांबायचा. गाव रात्रीपर्यंत शिकवायचं.

पूर्व जर्मनीने वेगळी वाट धरली. लाइपझिगला १९५६ साली परदेशी विद्यार्थ्यांसाठी संस्था निघाली आणि १९६१ पासून ती हेर्डर संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतून आलेल्या मुलामुलींनी आधी तिथे साधारण वर्षभर फक्त जर्मन घोटायचं आणि मग अभियांत्रिकी किंवा वैद्यकाला जायचं. तो दीर्घ वर्ग होता आणि हिशेबात चोख होता. आजच्या विद्यार्थ्याकडे वर्ष नसतं, महिना असतो. म्हणून त्याला बाड राइखेनहालची युक्ती अधिक उपयोगी.

एक दिवस

सकाळी नऊ. विद्यापीठातल्या व्याख्यानांना पंधरा मिनिटं उशिरा सुरू होण्याची जुनी, खास लॅटिन नावाची सवलत असते. भाषावर्गाला ती बहुधा नसते. नऊ म्हणजे नऊ. वर्गात पंधरा-वीस जण, आठ-दहा देशांचे. सगळ्यांची मिळून एक भाषा नसते, त्यामुळे जर्मनमधून जर्मन शिकवण्यावाचून शिक्षिकेपुढे पर्याय नसतो. ही अडचण नसून वर्गाची सर्वांत मोठी सोय आहे. मुंबईत किंवा पुण्यात शिकताना अडलं की शेजारच्याला मराठीत विचारता येतं. इथे शेजारी ब्राझीलचा असतो.

दुपारी उच्चार, वर्तमानपत्राचं वाचन, एखाद्या संग्रहालयाची फेरी. संध्याकाळी ‘टँडेम’, म्हणजे दोघांची अदलाबदल: अर्धा तास तू मला जर्मन दे, अर्धा तास मी तुला हिंदी देतो. यात कुणी गुरू नसतो, त्यामुळे चुकायला लाज वाटत नाही.

आणि मधल्या फटींत खरा अभ्यास. बेकरीत जाऊन छोटा गोल पाव मागायचा. पुस्तकात त्याला ‘ब्रोट्शन’ म्हटलेलं असतं. बव्हेरियात तो ‘झेमेल’ होतो, बर्लिनमध्ये ‘श्रिपं’, श्वाबेन भागात ‘वेकलं’. तीच गोष्ट अभिवादनाची: दक्षिणेत ‘ग्र्यूस गोट’, उत्तरेत दिवसभर ‘मोइन’. प्लास्टिकची रिकामी बाटली यंत्रात टाकून पंचवीस सेंट परत घ्यायचे. रविवारी दुकानं बंद असतात हे शनिवारी संध्याकाळी आठवायचं. आणि नव्या घरी राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात नाव नोंदवायचं. तिथे घरमालकाचा एक कागद मागतात, त्याचं नाव ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’. चोवीस अक्षरी हा शब्द पाहून इतरांना घाम फुटतो. शाळेत समासाचा विग्रह केलेल्या मराठी मुलीला मात्र यात चांगला जुना तत्पुरुष दिसावा: घर, देणारा, पुष्टी. घर देणाऱ्याची पुष्टी. उत्तरपद प्रधान, आणि सबंध शब्दाचं लिंगही त्या उत्तरपदाचंच.

मराठी बोलणाऱ्याची गुप्त ठेव

हा मुद्दा थोडा ऐसपैस सांगायला हवा, कारण आपल्याकडचे विद्यार्थी जर्मनला इंग्रजीच्या दारातून शिरतात आणि डोकं आपटून घेतात. मराठीचं दार कितीतरी मोकळं आहे.

मार्क ट्वेनने १८७८ मध्ये हायडेलबर्गला राहून जर्मन शिकायचा खटाटोप केला आणि १८८० साली या भाषेवर एक प्रसिद्ध विनोदी निबंध लिहिला. त्यात त्याची एक मोठी तक्रार अशी की वाक्य संपेपर्यंत क्रियापदाची वाट पाहावी लागते. मराठी माणसाला ही तक्रार वाटणारच नाही. आपण जन्मभर तेच करतो. जर्मनमध्ये मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी बसतं, तेवढं शिकावं लागतं. पण ‘कारण’, ‘जर’, ‘की’ यांनी सुरू होणाऱ्या गौण वाक्यात ते मुकाट्याने शेवटी जातं. ‘वाइल इश होइटं काइनं त्साइट हाबं’ या वाक्यातलं शेवटचं ‘हाबं’ म्हणजे ‘आहे’. ‘कारण माझ्याकडे आज वेळ नाही’ म्हणताना आपण ‘नाही’ जिथे ठेवतो, तिथेच.

तीन लिंगं हिंदीभाषकाला नवी, आपल्याला रोजची. जर्मनमध्ये मुलगी, म्हणजे ‘मेड्शन’, नपुंसकलिंगी असते हे ऐकून जगभरचे विद्यार्थी हसतात. कारण व्याकरणाचं आहे: ‘शन’ हा लहानपण दाखवणारा प्रत्यय आहे आणि तो ज्या नामाला लागेल ते नपुंसक होतं. आता आपल्याकडे पाहा. वासरू, कोकरू, करडू, पिल्लू, सगळी ‘ते’. आणि मालवणीत, गोव्याच्या कोकणीत मुलगी म्हणजे ‘चेडूं’, तेही नपुंसकच. सावंतवाडीच्या विद्यार्थ्याला ‘मेड्शन’मध्ये हसण्यासारखं काही सापडू नये.

आकड्यांचंही तसंच. त्रेपन्नला जर्मन माणूस ‘तीन-आणि-पन्नास’ म्हणतो. इंग्रजीच्या वाटेने गेलेला विद्यार्थी हटकून पस्तीस लिहितो आणि फोन भलत्याला लागतो. आपण ‘त्रेपन्न’ म्हणताना तीन आधी आणि पन्नास नंतर असंच म्हणतो. दीडला त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे, ‘आंडरटहाल्ब’.

पण घड्याळापाशी सावध. ‘हाल्ब आख्ट’ म्हणजे शब्दशः अर्धे आठ. आपला कान त्याला साडेआठ समजतो. वेळ असते साडेसात! आपण उलटून गेलेल्या तासावर अर्धा चढवतो, जर्मन येणाऱ्या तासाचा अर्धा मोजतात. एक तास उशिरा पोचून हा धडा शिकला की तो आयुष्यात विसरत नाही.

तू आणि तुम्ही यांतला फरक, ‘डू’ आणि ‘झी’, आपल्याला समजावून द्यावा लागत नाही. फक्त एक बदल. आपण आईला ‘तू’ आणि सासूबाईंना ‘तुम्ही’ म्हणतो ते नात्याने आणि वयाने. तिथे अनोळखीपणा हे मुख्य माप. विद्यार्थी एकमेकांना पहिल्या भेटीतच ‘डू’ म्हणतात, पण बेकरीतल्या वीस वर्षांच्या मुलीला मात्र ‘झी’च.

आडोसा

मग अडचण काय? अडचण इंग्रजीची. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत ४९ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते, परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत जास्त. यातले कितीतरी जण इंग्रजी माध्यमातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना आहेत. वर्ग इंग्रजीत, प्रबंध इंग्रजीत, आणि खोलीवर आल्यावर कुकरच्या शिट्टीसोबत हिंदी-मराठी. वर्षभर असं राहता येतं. पदवी संपल्यावर नोकरी शोधायला अठरा महिन्यांची मुदत मिळते, आणि तेव्हा कळतं की कार्यालयातला दुपारचा चहा जर्मनमध्ये होतो.

लोहियांना हा आडोसा कुणी ठेवला नव्हता. आजच्या विद्यार्थ्याला तो पायरीपायरीवर मिळतो. त्याने अडखळत जर्मन वाक्य जुळवावं आणि काउंटरपलीकडच्या माणसाने मदत म्हणून इंग्रजीत उत्तर द्यावं, हा मोठ्या शहरांतला नेहमीचा अनुभव. चांगल्या वर्गात शिक्षिका पहिल्याच आठवड्यात एक वाक्य घोटून घेते: ‘कृपया जर्मनमध्येच बोला, मी शिकतोय.’ हे वाक्य ज्याला धिटाईने म्हणता येतं, त्याचे वर्गाबाहेरचे तास मोजणीत धरायचे.

विसरण्याचं गणित

शेवटची वजाबाकी राहिली. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या, स्वतःच विसरला आणि ते विसरणं मोजून १८८५ साली प्रसिद्ध केलं. एका दिवसानंतर तीच यादी पुन्हा पाठ करताना त्याचे जेमतेम एक तृतीयांश श्रम वाचत, महिन्यानंतर पंचमांश. सार्थ शब्द इतक्या वेगाने पुसले जात नाहीत, पण उतार त्याच दिशेचा. त्याने आणखी एक गोष्ट दाखवली: तेवढ्याच आवृत्त्या एका बैठकीत उरकण्यापेक्षा अनेक दिवसांत पसरल्या तर पाठांतर पक्कं होतं.

घनदाट वर्गाचं हे दुखणं आहे. महिन्याभरात पोटभर वाढतात, आणि मग पंगत उठते. म्हणून जाणते शिक्षक शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रासोबत एक सवय देऊ पाहतात: परतल्यावर रोज वीस मिनिटं, एक बातमी, टँडेममधल्या मित्राला एक निरोप. वर्षभराची ही वीस मिनिटं शंभर घड्याळी तासांच्या वर जातात, वर्गातल्या पंचाहत्तरांहून जास्त.

शेवटच्या शुक्रवारी काही ठिकाणी पहिल्या दिवसासारखाच तो फाटका मजकूर पुन्हा पुढे येतो. गुण वाढलेले असतात, पण फार नाही. मात्र वाढलेले गुण पाहायचे असतील तर विद्यार्थ्याने कुठले शब्द पुरे केले ते पाहावं. नियमाच्या वहीतले काही असतात. आणि काही असे, की ते कुठून आले हे त्याला सांगता येत नाही. बेकरीच्या रांगेत पुढच्या बाईने झेमेल मागताना म्हटलं होतं, बाटलीच्या यंत्रापाशी कुणी पुटपुटलं होतं. पेन्सिल तिथे थांबलेलीच नसते. चार आठवड्यांत त्यालाही छोटीशी मंडई मिळालेली असते.